लहानग्यांचा शेजारी : फ्रेड रॉजर्स

शेजारी कोणाला म्हणावे, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला, हे आपल्या घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. 'शेजारधर्म' हा सुंदर शब्द तर आपल्या मराठीने फार पूर्वीपासून जपून ठेवला आहे. परंतु शेजाऱ्यांच्या यादीत आपण तीन-चार वर्षांच्या मुलाला क्वचितच धरतो. त्याला आपण भरवतो, न्हाऊ घालतो, वेळप्रसंगी दटावतो, कौतुकही करतो. मात्र त्याला वाटणारी भीती, त्याला येणारा राग, त्याला होणारे दुःख ही मोठ्या माणसाच्या भीतीइतकीच, रागाइतकीच व दुःखाइतकीच खरी आहेत असे मानून त्याच्यापाशी घटकाभर बसण्यास आपल्याला सवड नसते.

अमेरिकेतील एका गृहस्थांनी हे बसणे हेच आपले आयुष्यभराचे कार्य मानले. त्यांचे नाव फ्रेड रॉजर्स. ते गीतकार होते, संगीतकार होते, पियानोवादक व गायक होते, हातबाहुल्या नाचविणारे कलावंत होते, आणि प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित धर्मसेवकही होते. तीस वर्षांहून अधिक काळ ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून लहान मुलांच्या घरी जात राहिले. त्यांच्या कार्यक्रमात मारामारी नव्हती, आरडाओरडा नव्हता, बक्षिसांची उधळण नव्हती. तरीही लक्षावधी मुले त्यांची वाट पाहत असत. असे का घडले, हे समजून घेणे आपल्यासारख्या कुटुंबवत्सल लोकांना खचित उपयोगी पडेल.

एकाकी बालपण

रॉजर्स यांचा जन्म २० मार्च १९२८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॅट्रोब या गावी झाला. पिट्सबर्ग या पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरापासून हे गाव फारसे दूर नाही. वडील कारखानदार होते, घरची सुबत्ता होती. परंतु हा मुलगा प्रकृतीने नाजूक होता. त्याला दम्याचा विकार असे, त्यामुळे त्याचे पुष्कळ दिवस घरातच जात. अंगाने स्थूल असल्यामुळे शाळेतील मुले त्याला चिडवीत व त्याच्या पाठीस लागत. अकरा वर्षांचा होईपर्यंत त्याला भावंडही नव्हते. पुढे आईवडिलांनी एक मुलगी दत्तक घेतली.

अशा मुलाने काय करावे? तो बाहुल्यांशी बोलू लागला, आणि पाचव्या वर्षापासून पियानो वाजवू लागला. मनातला राग किंवा खेद तोंडाने सांगता येईना, तेव्हा तो पियानोच्या पट्ट्यांवर उतरवावा असा त्याला छंदच जडला. त्याचे आजोबा, फ्रेड मॅकफीली, यांचा त्याच्यावर फार जीव होता. तू जसा आहेस तसाच मला आवडतोस, ही गोष्ट त्यांनी नातवाच्या मनावर कायमची ठसविली. पुढे रॉजर्स यांनी लक्षावधी मुलांना आयुष्यभर जे सांगितले, ते वस्तुतः आजोबांकडून मिळालेले हेच धन होय.

त्यांच्या आईचीही एक शिकवण ते नेहमी सांगत. जगातील भयंकर बातम्या ऐकून लहानगा फ्रेड घाबरला, म्हणजे आई त्याला म्हणे की, अशा वेळी मदतीला धावून येणारी माणसे कोठे दिसतात ती पाहा. ती नेहमी सापडतात. भ्यालेल्या मुलाला धीर देण्याची ही किती साधी रीत आहे!

न आवडलेल्या यंत्राच्या सेवेत

फ्लॉरिडातील रोलिन्स महाविद्यालयातून १९५१ साली त्यांनी संगीतरचनेची पदवी घेतली. पुढे धर्मशास्त्राचा अभ्यास करावयाचा असे त्यांनी योजिले होते. त्याच सुमारास आईवडिलांच्या घरी त्यांनी प्रथमच दूरचित्रवाणी संच पाहिला. पडद्यावर काही माणसे एकमेकांच्या तोंडावर मलईचे पदार्थ फेकून हशा पिकवीत होती. रॉजर्स यांना ते मुळीच रुचले नाही. परंतु त्यांनी नाक मुरडून संच बंद केला नाही. इतके प्रभावी साधन जर हाती आले आहे, तर त्याचा चांगला उपयोग का करू नये, असा विचार करून ते थेट न्यूयॉर्कला गेले आणि एन.बी.सी. या कंपनीत संगीताच्या कार्यक्रमांवर साहाय्यकाचे काम करू लागले. १९५२ साली त्यांचा विवाह जोॲन बर्ड या पियानोवादक तरुणीशी झाला. त्यांना पुढे दोन मुलगे झाले.

१९५३ साली त्यांनी न्यूयॉर्कची नोकरी सोडली व पिट्सबर्ग येथे नव्यानेच उभ्या राहत असलेल्या डब्ल्यू.क्यू.ई.डी. या केंद्रात ते आले. जाहिरातदारांच्या पैशावर न चालता लोकांच्या आश्रयावर चालणारे हे केंद्र होते. १९५४ साली तेथे 'चिल्ड्रन्स कॉर्नर' हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. जोसी केरी या बाई पडद्यावर दिसत. रॉजर्स मात्र पडद्याआड राहून बाहुल्या नाचवीत, त्यांचे आवाज काढीत व ऑर्गनही वाजवीत. बाहुल्यांपासून ऑर्गनपर्यंत त्यांना वारंवार धावावे लागे आणि चामडी बुटांचा आवाज सर्वांना ऐकू जाई. म्हणून ते कॅनव्हासचे मऊ बूट घालू लागले. हे बूट पुढे त्यांची ओळखच बनले! पट्ट्यापट्ट्यांचा लाजाळू वाघ डॅनियल ही त्यांची पहिली लाडकी बाहुली. केंद्राच्या व्यवस्थापिका डोरोथी डॅनियल यांनी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ती त्यांना भेट दिली होती, म्हणून तिला त्यांचेच नाव ठेवले.

हे काम चालू असताना दुपारच्या सुट्टीत ते धर्मशास्त्राच्या वर्गांना जात. असा अभ्यास कित्येक वर्षे करून १९६२ साली त्यांनी पिट्सबर्गच्या धर्मशास्त्र विद्यालयाची पदवी मिळविली, व १९६३ साली त्यांना दीक्षा मिळाली. परंतु एखाद्या मंडळीची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली नाही. दूरचित्रवाणीच्या द्वारे मुलांची व कुटुंबांची सेवा करावी, हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरविण्यात आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पडद्यावरून त्यांनी कधी प्रवचन केले नाही. आपला धर्म त्यांनी वागणुकीतून दाखविला.

त्याच वर्षी कॅनडाच्या सरकारी नभोवाणी संस्थेतील फ्रेड रेन्सबेरी यांनी त्यांना टोरोंटोला बोलाविले. रॉजर्स मुलांशी कसे बोलतात हे त्यांनी पाहिले होते, म्हणून आता बाहुल्यांमागे लपू नका, स्वतः पडद्यावर या, असा आग्रह त्यांनी धरला. पस्तिशीतील हा संकोची मनुष्य प्रथमच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. पुढे ते पिट्सबर्गला परतले आणि १९ फेब्रुवारी १९६८ पासून त्यांचा 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड', म्हणजेच 'मिस्टर रॉजर्स यांचा शेजार', हा कार्यक्रम साऱ्या अमेरिकेत दिसू लागला.

स्वेटर, बूट आणि छोटी ट्रॉली

कार्यक्रमाची मांडणी अगदी साधी होती. रॉजर्स गाणे गात घरात प्रवेश करीत. अंगातला कोट काढून बटणांचे लोकरी स्वेटर चढवीत, बूट बदलून कॅनव्हासचे बूट घालीत, आणि मग जणू समोर एकच मूल बसले आहे अशा रीतीने बोलू लागत. त्यांची कित्येक स्वेटरे त्यांच्या आईने स्वतःच्या हातांनी विणलेली होती. त्यांपैकी एक लाल स्वेटर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे. थोड्या वेळाने एक छोटी ट्रॉली रुळांवरून येई व मुलांना कल्पनेच्या राज्यात घेऊन जाई. तेथे राजा फ्रायडे, लाजाळू डॅनियल अशा बाहुल्या राहत. खरे जग व कल्पनेचे जग यांची सरमिसळ ते कधी होऊ देत नसत. मुलाला दोन्हींमधील सीमा स्पष्ट कळली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

संगीत हा तर कार्यक्रमाचा प्राण होता. रॉजर्स यांनी सुमारे २०० गीते रचली. जॉनी कॉस्टा हे नामांकित जॅझ पियानोवादक कार्यक्रम चालू असतानाच तेथे बसून साथ करीत. लहान मुलांसाठी आहे म्हणून संगीत हलके चालेल, ही कल्पना दोघांनाही मान्य नव्हती.

गीतांचे विषय पाहिले म्हणजे या माणसाची दृष्टी कळते. स्नानाच्या टबातील पाणी भोवरा करीत मोरीतून निघून जाते, तेव्हा आपणही त्या भोकातून वाहून जाऊ अशी भीती कित्येक लहान मुलांना वाटते. मोठ्यांना या भीतीचे हसू येते. रॉजर्स यांनी तिच्यावर गाणे केले आणि तू त्या भोकात मावणारच नाहीस, हे मुलांना पटवून दिले. पिट्सबर्ग विद्यापीठातील बालमानसशास्त्रज्ञ डॉ. मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याकडे ते दर आठवड्यास जात, आणि संहितेतील शब्द न् शब्द त्यांच्याशी चर्चा करून ठरवीत. १९८८ साली बाईंचे निधन होईपर्यंत हा शिष्यभाव कायम होता.

मुलांची भाषा

शब्दांविषयी त्यांची दक्षता किती होती, याचे एक उदाहरण पाहा. एका भागात रुग्णालयातील परिचारिका रक्तदाब मोजण्याची पट्टी दंडाला बांधून, मी आता ही फुगविते, असे म्हणाली. इंग्रजीत तिने जो शब्द वापरला, त्याचाच दुसरा अर्थ स्फोटाने उडविणे असा होतो. मूल घाबरून गेले तर पुढचे काहीच त्याच्या कानी पडणार नाही, म्हणून रॉजर्स यांनी ते वाक्य बदलून पुन्हा ध्वनिमुद्रित करविले. एका आंधळ्या मुलीने त्यांना कळविले होते की, माशांना तुम्ही खाणे घालता की नाही ते मला दिसत नाही, म्हणून ते उपाशी राहतील अशी मला काळजी वाटते. तेव्हापासून माशांना खाणे घालताना, मी आता त्यांना खाणे देत आहे, असे ते मोठ्याने सांगू लागले.

सत्य मात्र त्यांनी मुलांपासून लपविले नाही. १९७० सालच्या एका भागात हौदातील एक मासा मेलेला आढळतो. नवा मासा गुपचूप आणून सोडणे सोपे होते. त्याऐवजी रॉजर्स यांनी तो मासा अंगणात पुरला आणि आपल्या बालपणी आवडता कुत्रा मेला तेव्हा आपण किती रडलो होतो, ते मुलांना सांगितले. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला, तेव्हा दोनच दिवसांत त्यांनी खास कार्यक्रम सादर केला. त्यात वाघ डॅनियल, 'खून' म्हणजे काय, असा प्रश्न विचारतो. घरोघरी मुले हाच प्रश्न मनात घेऊन बसली होती, आणि मोठी माणसे गप्प होती. १९८१ साली आईवडिलांच्या घटस्फोटावर त्यांनी एक संपूर्ण आठवडा खर्च केला. नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुयुद्धाच्या भीतीचे वातावरण असता त्यांनी राजा फ्रायडेची गोष्ट रचली. शेजारचे राज्य बॉम्ब तयार करीत आहे अशा समजुतीने राजाही बॉम्ब करण्याच्या मागे लागतो, आणि अखेरीस कळते की, शेजारी तर पूल बांधीत होते!

सहा मिनिटांचे भाषण

१ मे १९६९ रोजी रॉजर्स अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीपुढे उभे राहिले. सार्वजनिक प्रसारणासाठी २ कोटी डॉलर देण्याचा प्रश्न होता, आणि व्हिएतनामचे युद्ध चालू असल्याने सरकार त्यात मोठी काटछाट करू पाहत होते. समितीचे अध्यक्ष, रोड आयलंडचे सिनेटर जॉन पॅस्टोर, कडक स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध होते; त्यांनी रॉजर्स यांचा कार्यक्रम पाहिलाही नव्हता. रॉजर्स यांनी आपले लेखी निवेदन बाजूला ठेवले, आणि मुलांशी बोलत त्याच संथ आवाजात सुमारे सहा मिनिटे भाषण केले. मनातील भावना बोलून दाखविता येतात व आवरताही येतात हे मुलांना उमगले, तर समाजाचे केवढे हित होईल, ते त्यांनी सांगितले. शेवटी राग आला असता काय करावे याविषयीच्या आपल्या गीताचे शब्द त्यांनी म्हणून दाखविले. त्या गीताचा मूळ प्रश्न एका मुलानेच विचारलेला होता. पॅस्टोर यांनी अंगावर रोमांच उभे राहिल्याची कबुली दिली आणि तुम्ही २ कोटी मिळविलेत असे तेथेच सांगून टाकले.

एकाच टबात दोघांचे पाय

त्यानंतर आठ-दहा दिवसांतच, मे १९६९ मध्ये, आणखी एक प्रसंग पडद्यावर दिसला. अमेरिकेत काळे व गोरे यांनी एकाच तलावात पोहण्यावरून तेव्हा भांडणे होत. १९६४ साली फ्लॉरिडातील एका हॉटेलच्या तलावात काळे व गोरे सत्याग्रही एकत्र उतरले असता हॉटेलच्या चालकाने त्यात तेजाब ओतले होते. रॉजर्स यांच्या कार्यक्रमात पोलीस शिपायाचे काम फ्रँस्वा क्लेमन्स हे कृष्णवर्णीय गायक करीत. त्यांचा आवाज रॉजर्स यांनी चर्चमध्ये ऐकला होता. आपल्या वस्तीतील पोलिसांचा अनुभव वाईट असल्यामुळे क्लेमन्स हे काम स्वीकारण्यास प्रथम कचरत होते. त्या भागात रॉजर्स उन्हाळ्याच्या दिवसांत छोट्या टबात पाय सोडून बसलेले असतात. ते क्लेमन्सना बोलावतात, आणि दोघे एकाच पाण्यात पाय घालून बसतात. वर्णभेदाविरुद्ध एक शब्दही कोणी उच्चारला नाही. १९९३ साली दोघांनी तोच प्रसंग पुन्हा सादर केला व रॉजर्स यांनी क्लेमन्स यांचे पाय टॉवेलाने पुसले. पवित्र गुरुवारचा विधी पाहणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

या मैत्रीला एक काटाही होता. क्लेमन्स समलिंगी होते. ही गोष्ट उघड झाली तर तुम्हाला कार्यक्रमात राहता येणार नाही, असे रॉजर्स यांनी त्यांना त्या काळी सांगितले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात क्लेमन्स यांनी आपली ती वेदना लपविली नाही, आणि रॉजर्स यांच्याकडून मिळालेले पितृप्रेमही विसरले नाहीत. सज्जन मनुष्यही आपल्या काळाच्या मर्यादेत चालतो, हे अशा वेळी ध्यानात येते.

अखेरचे दिवस

रॉजर्स पहाटे उठत, नावे घेऊन घेऊन लोकांसाठी प्रार्थना करीत, बायबल वाचीत व मग पोहावयास जात. मुलांच्या पत्रांची उत्तरे ते आस्थेने देत. ते दारूस व तंबाखूस शिवत नसत आणि शाकाहारी होते. डच कॅथलिक धर्मगुरू व लेखक फादर हेन्री नोवेन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. लॅट्रोब येथील बेनेडिक्टाईन संन्याशांच्या सेंट व्हिन्सेंट महाविद्यालयात त्यांच्या नावाचे केंद्र २००३ साली स्थापन झाले, आणि त्यांची कागदपत्रे तेथे जतन केलेली आहेत. पंथ निराळा असला तरी शेजार कसा राखावा, याचे हे उदाहरणच होय.

१९९७ साली दूरचित्रवाणी क्षेत्रातील मोठा सन्मान स्वीकारताना त्यांनी भाषण लांबविले नाही. ज्यांच्या प्रेमामुळे आपण घडलो, त्यांचे स्मरण करण्यासाठी सर्वांनी दहा सेकंद शांत बसावे, एवढीच विनंती त्यांनी केली व स्वतः घड्याळ पाहत उभे राहिले. झगमगत्या पोशाखातील पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या कार्यक्रमाचा अखेरचा भाग ३१ ऑगस्ट २००१ रोजी दाखविण्यात आला. एकूण भाग सुमारे ९०० झाले. २००२ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोटाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि २७ फेब्रुवारी २००३ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, पिट्सबर्ग येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पत्नीने पुढे एक आठवण सांगितली. आजारपणात ते संत मत्तयच्या शुभवर्तमानातील मेंढरे व शेरडे यांविषयीचा भाग वाचीत होते. एके दिवशी त्यांनी पत्नीला विचारले की, मी मेंढरांत मोडतो का? ज्या माणसाने आयुष्यभर परक्या मुलांना, तुम्ही आहात तसेच प्रिय आहात, असा दिलासा दिला, त्यालाही अखेरीस तोच दिलासा कोणाच्या तरी तोंडून ऐकावासा वाटला! तुम्ही नाही तर दुसरे कोण, अशा अर्थाचे उत्तर पत्नीने दिले.

आपल्या घरात

वाचकहो, रॉजर्स यांचा कार्यक्रम आपल्या मुलांनी पाहिला पाहिजे असे नाही. त्याची भाषा निराळी, देश निराळा. शिवाय आज आपल्या वाडीवस्तीतही मुलांच्या हाती मोबाइलचा पडदा आला आहे, आणि त्यावर गाण्याबजावण्याची वाण नाही. वाण आहे ती थांबून ऐकणाऱ्या माणसाची. पडदा रॉजर्स यांच्या हाती होता, तरी मुलाला पडद्याचे वेड लावावे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. मुलाच्या शेजारी एक मोठे माणूस बसले आहे, हा विश्वास त्याला यावा, एवढ्यासाठी त्यांनी तो वापरला. ते काम तर कॅमेऱ्यावाचूनही करता येते.

आजी वारली असता मूल विचारते, आजी कोठे गेली? त्याला गावाला गेली असे सांगून फसवू नये. स्वर्गाची आपली श्रद्धा त्याला सांगावी, आणि आपल्यालाही रडू येते हेही त्याच्यापासून लपवू नये. मूल रागाने भांडे आपटते, तेव्हा हात उगारण्यापूर्वी, तुला कशाचा राग आला, एवढे एकदा विचारून पाहावे. ते अंधाराला भिते, तेव्हा त्याला भित्रा म्हणू नये, त्याचा हात धरून त्या अंधाऱ्या खोलीत आपणही जावे. रात्रीची जपमाळ आटोपल्यावर अंथरुणावर पडलेले मूल काहीतरी सांगू लागते. दिवसभराच्या श्रमांनी आपले डोळे मिटत असतात, आणि आता झोप असे आपण म्हणतो. त्याऐवजी पाच मिनिटे ऐकावे. त्या पाच मिनिटांत ते जे सांगते, ते ऐकणारा त्याला दुसरीकडे कोठे मिळेलच असे नाही.